गेमवरचा निबंध आणि पेटीतला फोन

आमच्या गटातल्या एका ताईंची लेक तालुक्याच्या कॉलेजात बी.ए.ला आहे. तिला व्हिडिओ गेमवर शोधनिबंध लिहायचा होता. मागच्या बैठकीत हप्ते गोळा झाल्यावर ती फोन घेऊन आमच्यातच बसली. आम्हालाही ऐकायचंच होतं. गेमपायी घराघरांत भांडणं आहेत. एकीने तर मुलाचा फोन पेटीत घालून कुलूप लावलंय.

आधी तिने साध्या गूगलवर ‘गेमचे दुष्परिणाम’ असं टाकलं. भीती घालणाऱ्या बातम्या नि जाहिराती, दुसरं काही नाही. मग सरांनी सांगितलेलं गूगल स्कॉलर उघडलं. तिथे अभ्यासकांचे लेख सापडतात, शोधायला पैसे पडत नाहीत. शब्द मात्र इंग्रजीत टाकावे लागतात, मराठीत फारसं हाती लागत नाही. काही लेख वाचायला पैसे मागतात. तेव्हा लेखाखालचं ‘ऑल व्हर्जन्स’ दाबून बघायचं, कधी कधी तोच लेख दुसरीकडे फुकट असतो. आपल्याकडचे पीएच.डी.चे प्रबंध ‘शोधगंगा’वर फुकट वाचता येतात.

आम्हाला पटलं ते हे, की दुष्परिणाम विचारले तर दुष्परिणामच दिसणार. तिने ‘दुष्परिणाम’ काढून गेम, मुलं आणि आक्रमकपणा एवढेच शब्द टाकले. २००१ सालचा अँडरसन आणि बुशमन यांचा लेख आला. हिंसक गेमने आक्रमकपणा वाढतो, असं त्यात आहे. आम्ही म्हटलं, बघा, आम्ही सांगतच होतो! पण ती थांबली नाही. लेखाखाली ‘साइटेड बाय’ असतं. ते दाबलं की त्या लेखाचा आधार घेऊन पुढे कोणी काय लिहिलं ते दिसतं. असं पुढे पुढे जाता २०१९चा लेख मिळाला, प्रझिबिल्स्की आणि वाइनस्टीन यांचा. ब्रिटनमधल्या १४-१५ वर्षांच्या सुमारे १००० मुलांचा अभ्यास. मूल घरी कसं वागतं, हे पालकांनाच विचारलेलं. तिथे तसा संबंध आढळला नाही. दोन्ही लेख निबंधात घ्यायचे, असं तिने ठरवलं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत गेमचा विकारही आहे. ती यादी २०२२पासून लागू झाली. खेळावर ताबा नाही, बाकी सगळं मागे पडलंय, नुकसान होऊनही खेळ सुटत नाही, आणि हे साधारण १२ महिने चाललंय, तर विकार म्हणायचा.

पेटीवाल्या ताईंनी ते दोनदा वाचून घेतलं. त्यांचा मुलगा शाळा बुडवत नाही, गोठ्यातलं कामही करतो. किल्ली अजून त्यांच्याच कमरेला आहे, पण रविवारी दोन तास फोन देणार म्हणाल्या.