शस्त्रक्रियेच्या अलीकडे आणि पलीकडे : लायन्स क्लबचे नेत्रशिबिर

महाराष्ट्रातील तालुक्याच्या गावांत लायन्स क्लबचे नाव निघाले की लोकांना पहिल्यांदा आठवते ते मोतीबिंदूचे शिबिर, आणि या ओळखीमागे संस्थेच्या इतिहासातील एक ठळक प्रसंग आहे. मेल्विन जोन्स या विमा व्यावसायिकाच्या पुढाकाराने १९१७ मध्ये शिकागो येथे स्थापन झालेल्या या संघटनेच्या १९२५ च्या अधिवेशनात हेलन केलर यांनी सदस्यांना अंधत्वाविरुद्धच्या कार्यात उतरण्याचे आवाहन केले, आणि तेव्हापासून दृष्टिरक्षण हे लायन्सचे प्रमुख सेवाक्षेत्र झाले. भारत सरकारने १९७६ मध्ये राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम सुरू केल्यानंतर स्वयंसेवी संस्था रुग्ण शोधून आणणार आणि रुग्णालये शस्त्रक्रिया करणार, अशी कामाची विभागणी रूढ होत गेली. या विभागणीत डोळा उघडणारे हात शल्यचिकित्सकाचे असले, तरी त्या हातांपर्यंत रुग्ण पोहोचणे आणि नंतर त्याचा डोळा शाबूत राहणे हे बहुतांशी क्लबच्या कामावर अवलंबून असते.

शिबिराचा हंगाम साधारणपणे दिवाळीनंतर सुरू होतो. थंडीत जखम लवकर भरते असा समज गावोगाव आहे, शिवाय पावसाळ्यात शेतीची कामे सोडून येणे घरच्यांना जमत नाही. तारीख ठरली की ग्रामपंचायतीच्या फलकावर सूचना लागते आणि मंदिराच्या ध्वनिक्षेपकावरून ती वाचली जाते, पण खरा प्रचार होतो तो आशाताई आणि शाळामास्तर यांच्या तोंडून, कारण घरात कोणाला दिसेनासे झाले आहे हे त्यांनाच ठाऊक असते. स्वयंपाकघर आणि अंगण यांपलीकडे जिचा वावर उरलेला नाही अशा वृद्ध स्त्रीची दृष्टी गेल्याचे घरच्यांच्याही ध्यानात उशिरा येते, आणि आले तरी तिच्याबरोबर जाण्यासाठी कोणाचा तरी रोज बुडणार असतो. म्हणून जे क्लब सोबत्याच्याही येण्याजाण्याची व जेवणाची सोय करतात, त्यांच्या शिबिराला स्त्रिया येण्याची शक्यता अधिक असते. हा खर्च क्लबांनी टाळू नये.

शाळेच्या वर्गात भरणाऱ्या तपासणीचे पहिले टेबल नोंदणीचे असते. दुसऱ्या ठिकाणी भिंतीवर दृष्टितक्ता टांगलेला असतो आणि त्यापासून सहा मीटर अंतरावर खडूने रेघ मारलेली असते. अक्षरओळख नसलेल्यांसाठी तक्त्यावर चारही दिशांना तोंडे केलेली ई या इंग्रजी अक्षराची आकृती असते, आणि तिची तोंडे जिकडे वळली असतील तिकडे रुग्णाने हाताची बोटे दाखवायची असतात. एक डोळा तळहाताने झाकून उभी राहिलेली आजी सर्वांत वरची, मोठी आकृतीही सांगू शकली नाही, तर तिला रेघेपासून पुढे आणले जाते, मग बोटे मोजायला सांगितली जातात, आणि तेही न जमल्यास केवळ विजेरीचा उजेड कोणत्या बाजूने येतो हे विचारले जाते. हा शेवटचा प्रश्न महत्त्वाचा, कारण मोतीबिंदू पूर्ण पिकला तरी उजेडाची जाणीव शाबूत असते. ती नसेल तर दोष डोळ्यातील भिंगात नसून आतल्या पडद्यात किंवा मज्जातंतूत असण्याची शंका येते. त्यानंतर बाहुली रुंदावणारे थेंब घातले जातात आणि रुग्ण डोळे मिटून बाकावर बसतात. या वेळेत क्लबच्या सदस्याने शेजारी बसून पुढे काय होणार ते समजावून सांगितले, तर शस्त्रक्रियेच्या भीतीने परत जाणाऱ्यांपैकी पुष्कळजण थांबतात.

‘अजून पिकला नाही’ हे कारण या बाकांवर वारंवार ऐकू येते, आणि ते निराधार नाही. पूर्वीच्या पद्धतीत ढगाळलेले भिंग त्याच्या आवरणासकट काढून रुग्णाला जाड काचांचा चष्मा दिला जाई, त्यामुळे दृष्टी पुरती अधू होईपर्यंत थांबणेच शहाणपणाचे होते. आता आवरण जागेवर ठेवून त्यात कृत्रिम भिंग बसवले जाते, म्हणजे भिंगारोपण होते, त्यामुळे थांबण्याचे कारण उरलेले नाही. उलट अतिपक्व मोतीबिंदूमुळे डोळ्यातील दाब वाढून कायमचे नुकसान होऊ शकते. काचबिंदूने, म्हणजे अशा दाबामुळे मज्जातंतू निकामी होऊन, गेलेली दृष्टी शस्त्रक्रियेने परत येत नाही, आणि हे त्या रुग्णाला स्पष्ट व सहृदयतेने सांगणे हेही शिबिराचे काम आहे. साखर किंवा रक्तदाब वाढलेला असल्यास शस्त्रक्रिया पुढे ढकलली जाते. अशा रुग्णांची वेगळी यादी करून त्यांना औषधोपचारानंतर पुन्हा बोलावले नाही, तर ते बहुधा कायमचेच मागे राहतात.

एके काळी शाळेत किंवा मांडवातच शस्त्रक्रिया होत असत. जंतुसंसर्गाच्या धोक्यामुळे ती प्रथा मागे पडली आणि आता निवडलेले रुग्ण बसने रुग्णालयात नेले जातात. दुसऱ्या दिवशी पट्टी निघते, काळा चष्मा मिळतो, छायाचित्रे काढली जातात, आणि अनेक क्लबांच्या अहवालात शिबिर तेथे संपते. प्रत्यक्षात पुढचे काही आठवडे थेंब ठरलेल्या वेळी पडणे, डोळ्यात पाणी वा धूर न जाणे, तो चोळला न जाणे हे सारे घरी सांभाळायचे असते. डोळा लाल झाला, दुखू लागला किंवा दिसणे कमी झाले, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे लागते, आणि त्यासाठी कोणाला फोन करायचा हे घरातल्या शिकलेल्या नातवाला तरी माहीत असावे लागते. साधारण महिन्याभराने डोळा स्थिरावल्यावर चष्म्याचा नंबर काढतात, कारण कृत्रिम भिंगाने दूरचे दिसू लागले तरी तांदूळ निवडायला किंवा सुईत दोरा ओवायला जवळचा चष्मा बहुतेकांना लागतोच.

यात सर्वाधिक निसटते ते दुसऱ्या डोळ्याचे काम. दोन्ही डोळ्यांवर सहसा एकाच वेळी शस्त्रक्रिया होत नाही, आणि क्लबचे वर्ष १ जुलैला सुरू होऊन अध्यक्ष व सचिव दरवर्षी बदलतात, त्यामुळे फेब्रुवारीत एक डोळा झालेल्या रुग्णाचा दुसरा डोळा पुढच्या कार्यकारिणीच्या वाट्याला येतो. पदग्रहण समारंभात हिशेबाच्या कागदांबरोबर रुग्णांची वहीही नव्या सचिवाच्या हाती दिली गेली, आणि तिच्यात दुसऱ्या डोळ्यासाठी स्वतंत्र रकाना आखलेला असला, तर दिवाळीनंतरच्या शिबिराची पहिली नावे नव्याने शोधावी लागत नाहीत.