छोट्या कंपनीच्या संशोधनाला सरकारने पैसे का द्यायचे?

प्रयोगशाळेत एखादी गोष्ट चालते हे दाखवणं आणि ती बाजारात विकता येणं, यांच्यामध्ये एक मोठी दरी असते. पेपर छापून आला की विद्यापीठाचं काम संपतं. गुंतवणूकदार म्हणतो, ‘चालणारं यंत्र दाखवा, मग बोलू.’ आणि ते यंत्र बनवायलाच तर पैसे हवे असतात! पीएचडी करणाऱ्या आम्हा लोकांना ही दरी रोज समोर दिसते. आज बघूया, अमेरिकेने ती बुजवायचा काय प्रयत्न केला, आणि मुख्य म्हणजे त्याचा उपयोग झाला की नाही हे कसं मोजलं गेलं.

या योजनेचं नाव स्मॉल बिझनेस इनोव्हेशन रिसर्च, म्हणजे एसबीआयआर. अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनमध्ये रोलंड टिबेट्स यांनी 1977 मध्ये तिची छोटी सुरुवात केली आणि 1982 मध्ये कायदा झाला. कल्पना साधी आहे. ज्या सरकारी खात्याचं बाहेरच्यांकडून करून घ्यायच्या संशोधनाचं वार्षिक बजेट 10 कोटी डॉलरपेक्षा जास्त आहे, त्याने त्यातला ठरावीक हिस्सा छोट्या कंपन्यांसाठी बाजूला ठेवायचा. हा हिस्सा सुरुवातीला 0.2 टक्के होता, आता 3.2 टक्के आहे. छोटी कंपनी म्हणजे 500 पर्यंत कर्मचारी असलेली.

पैसे टप्प्याटप्प्याने मिळतात. पहिल्या टप्प्यात थोडी रक्कम आणि साधारण सहा महिने ते वर्षभराचा वेळ: कल्पना शक्य आहे का, एवढंच दाखवायचं. ते जमलं तर दुसऱ्या टप्प्यात मोठी रक्कम आणि साधारण दोन वर्षं. तिसऱ्या टप्प्यात या योजनेतून एक पैसाही मिळत नाही, तिथे गिऱ्हाईक शोधायचं. पण एक सवलत आहे: सरकारी खातं त्या कंपनीकडून पुन्हा निविदा न काढता थेट खरेदी करू शकतं. शिवाय सरकार कंपनीत भागीदारी मागत नाही.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं बाजारावर का सोडत नाहीत? सायबर सुरक्षेचंच उदाहरण घेऊ.

ऑक्टोबर 2016 मध्ये ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या साइट्स अमेरिकेत काही तास नीट उघडेनात. कारण होतं मिराय नावाचा मालवेअर. त्याने घराघरातले स्वस्त कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले होते, कारण त्यांचे कारखान्यातून आलेले पासवर्ड कुणी बदललेच नव्हते. हल्ला झाला तो डिन या कंपनीवर. यातली गंमत बघा. ज्याने कॅमेरा बनवला त्याचं फारसं काही बिघडलं नाही. ज्याने विकत घेतला त्याचा कॅमेराही चालूच होता. नुकसान झालं तिसऱ्याचंच. मग कॅमेरा सुरक्षित करण्यावर खर्च कोण करणार? रॉस अँडरसन या संगणकशास्त्रज्ञाने 2001 मध्येच हा मुद्दा मांडला होता: सुरक्षा कमी पडते ती बऱ्याचदा तंत्रज्ञान नाही म्हणून नव्हे, तर ज्याच्या हातात उपाय आहे त्याला झळ बसत नाही म्हणून.

दुसरी अडचण म्हणजे, सुरक्षा चांगली आहे की नुसती जाहिरात, हे गिऱ्हाइकाला वरून कळत नाही. मग तो स्वस्तातलं उचलतो आणि प्रामाणिकपणे संशोधन करणारा मागे पडतो. म्हणून इथे सरकारी पैशाला अर्थ आहे.

बरं, पण त्याचा उपयोग होतो का? ‘बघा, ही कंपनी किती मोठी झाली’ असं म्हणणं सोपं आहे. कदाचित ती अनुदानाशिवायही मोठी झाली असती! हुशार मुलालाच शिष्यवृत्ती मिळते आणि तोच पुढे जातो. मग श्रेय शिष्यवृत्तीचं की हुशारीचं?

सब्रिना हॉवेल या अर्थशास्त्रज्ञ बाईंनी यावर छान युक्ती वापरली. आपल्याकडे अकरावीच्या प्रवेशाची यादी आठवा. यादीत शेवटचं नाव असलेला विद्यार्थी आणि थोडक्यात हुकलेला विद्यार्थी, दोघांत गुणांचा फरक नगण्य असतो. पण एकाला प्रवेश मिळतो, दुसऱ्याला नाही. पुढे त्यांच्यात मोठा फरक दिसला, तर तो प्रवेशामुळेच पडला असं म्हणायला जागा आहे. हॉवेल यांनी अमेरिकेच्या ऊर्जा खात्याकडे आलेल्या अर्जांच्या गुणवत्ता याद्या मिळवल्या आणि रेषेच्या अलीकडच्या-पलीकडच्या कंपन्यांची तुलना केली.

2017 मध्ये छापून आलेला निष्कर्ष असा: पहिल्या टप्प्याचं, साधारण दीड लाख डॉलरचं अनुदान मिळालं की पुढे खासगी भांडवल मिळण्याची शक्यता जवळपास दुप्पट होते. पेटंट आणि उत्पन्नही वाढतं. दुसऱ्या टप्प्याच्या मोठ्या रकमेचा परिणाम मात्र फारच कमी दिसला. आणि फायदा ‘सरकारी शिक्का’ मिळाल्यामुळे नव्हे, तर नमुना प्रत्यक्ष बनवता आल्यामुळे झालेला दिसतो. म्हणजे तीच सुरुवातीची दरी! तिथे थोडे पैसे लावले की काम होतं.

दुसरी बाजूही आहे. काही कंपन्या बाजारात काही विकतच नाहीत. एक अनुदान संपलं की दुसरं, यावरच त्यांचं दुकान चालतं. अमेरिकी हवाई दलाच्या अर्जांवर हॉवेल आणि सहकाऱ्यांनी नंतर अभ्यास केला. ‘आम्हाला नेमकं अमुकच हवंय’ असे विषय दिले तेव्हा खासगी भांडवलावर परिणाम दिसला नाही. उलट जुन्याच कंपन्या पुन्हा पुन्हा अनुदान घेत राहिल्या. ‘तुमच्याकडे काय आहे ते सांगा’ असं मोकळं विचारलं तेव्हा नवे लोक आले आणि निकालही बरे लागले.

हे पटायला सिमँटेकचा इतिहास पुरेसा आहे. नंतर अँटीव्हायरससाठी घरोघर पोचलेली ही कंपनी 1982 मध्ये सुरू झाली, नॅशनल सायन्स फाउंडेशनच्या मदतीवर. आणि तेव्हाचं संशोधन व्हायरसवर नव्हतं, ते होतं संगणकाला माणसाची भाषा कळावी यावर! विषय फार घट्ट बांधून दिला की अशा वाटा बंद होतात.

अमेरिकेत शिकणाऱ्या आपल्या मित्रमंडळींसाठी एक सूचना: कंपनीची निम्म्याहून जास्त मालकी अमेरिकी नागरिकांकडे किंवा ग्रीन कार्डधारकांकडे हवी. विद्यार्थी व्हिसावर स्वतःच्या मालकीची कंपनी काढून अर्ज करता येत नाही. आणि ही योजना कायमचीही नाही, मुदतवाढ लागते. 2022 मध्ये ती अगदी शेवटच्या दिवशी मिळाली. 30 सप्टेंबर 2025 ला मात्र मुदत संपली आणि वाढ वेळेत झाली नाही. ज्या दहा जणांच्या कंपनीचा पगार पुढच्या हप्त्यावर अवलंबून आहे, तिच्यासाठी ही बातमी किती मोठी, विचार करा.

भारतातही याच धर्तीचं नाव घेऊन जैवतंत्रज्ञान विभागाने 2005 मध्ये एसबीआयआरआय सुरू केली, आणि संरक्षण क्षेत्रासाठी 2018 पासून आयडेक्स आहे. म्हणून हे निष्कर्ष आपल्याही कामाचे आहेत. पुढच्या वेळी ‘इतके कोटी वाटले’ अशी बातमी वाचाल तेव्हा आकडा पाहून थांबू नका. तीन प्रश्न विचारा: पैसे नमुना बनवण्याच्या टप्प्यावर दिले का? नव्या माणसाला मिळाले का? आणि थोडक्यात हुकलेल्यांचं पुढे काय झालं, हे कुणी तपासतंय का? तिसऱ्या प्रश्नासाठी अर्जांच्या याद्या जपून ठेवाव्या लागतात, नाकारलेल्या अर्जांच्यासुद्धा. त्याला फारसा खर्च येत नाही.