शब्दकोशातील नोंद : स्वरूप व घटक

प्रास्ताविक

शब्दकोश हा सर्व विद्याशाखांच्या अध्यापकांच्या नित्य उपयोगातील संदर्भग्रंथ आहे. तथापि बहुसंख्य वाचक त्याच्याकडे केवळ अर्थ शोधण्याचे साधन म्हणून पाहतात. अपेक्षित अर्थ सापडला की नोंदीतील उर्वरित मजकूर दुर्लक्षित राहतो. वस्तुतः नोंदीतील प्रत्येक घटक शब्दाविषयीच्या एका स्वतंत्र प्रश्नाचे उत्तर देत असतो. ही उत्तरे एकत्र वाचल्याशिवाय अर्थही नेमका हाती येत नाही. ‘नाव’ या परिचित शब्दाच्या आधारे हे घटक पुढे स्पष्ट केले आहेत.

शीर्षशब्द

नोंदीच्या आरंभी येणारा शब्द म्हणजे शीर्षशब्द. अमरकोशात शब्दांची मांडणी स्वर्ग, भूमी, मनुष्य अशा वर्गांनुसार असून पर्यायशब्द श्लोकांत गुंफलेले आहेत. आधुनिक कोशात मात्र प्रत्येक शब्दाला वर्णानुक्रमे स्वतंत्र स्थान मिळते. मराठीत नामाचे प्रथमेचे एकवचन व क्रियापदाचे ‘णे’कारान्त रूप शीर्षस्थानी देण्याचा प्रघात आहे. त्यामुळे ‘नावेत’ किंवा ‘नावांना’ ही रूपे शोधणाऱ्याला प्रथम मूळ रूप ओळखावे लागते.

लेखनपद्धतीतील बदलही येथे लक्षात घ्यावा लागतो. १९६२ च्या शुद्धलेखनविषयक नियमांनी अनुच्चारित अनुस्वार वगळले. त्यापूर्वी नामवाचक शब्द ‘नांव’ असा लिहिला जाई. म्हणून मोल्सवर्थ यांच्या मराठी-इंग्रजी कोशात (१८३१, दुसरी आवृत्ती १८५७) किंवा दाते-कर्वे यांच्या ‘महाराष्ट्र शब्दकोशा’त (१९३२–३८) तो याच जुन्या रूपाने पाहावा लागतो.

व्युत्पत्ती

अनुस्वार गेल्यामुळे ‘नांव’ (अभिधान) आणि ‘नाव’ (होडी) हे दोन शब्द लेखनात एकरूप झाले. पहिल्याचे मूळ संस्कृत ‘नामन्’, तर दुसऱ्याचे ‘नौ’ आहे. मूळ भिन्न असल्यास सामान्यतः दोन नोंदी केल्या जातात. मूळ एकच असून अर्थविस्तार झालेला असल्यास एकाच नोंदीत क्रमांक देऊन अर्थ मांडतात. एका लेखनरूपाच्या किती नोंदी कराव्यात, या निर्णयाला व्युत्पत्तीचा असा आधार असतो.

व्याकरणविशेष

होडी या अर्थी ‘नाव’ स्त्रीलिंगी असून त्याचे अनेकवचन ‘नावा’ व सप्तमीचे रूप ‘नावेत’ होते. अभिधान या अर्थी तो नपुंसकलिंगी असून अनेकवचन ‘नावे’ व सप्तमीचे रूप ‘नावात’ होते. म्हणजे ‘स्त्री.’ किंवा ‘न.’ हे एका अक्षराचे संक्षेपचिन्हही अर्थनिर्णय करते.

परंतु केवळ लिंगनिर्देश नेहमी पुरेसा नसतो. ‘वाट’, ‘भिंत’ व ‘चूक’ हे तिन्ही शब्द अकारान्त स्त्रीलिंगी आहेत. तरीही वाट–वाटा–वाटेला, भिंत–भिंती–भिंतीला आणि चूक–चुका–चुकीला अशी त्यांची रूपे निरनिराळी होतात. शीर्षशब्दावरून ती सांगता येत नाहीत. मराठी मातृभाषा असणाऱ्यास ती सवयीने येतात. अन्य भाषा बोलणाऱ्या घरातून महाविद्यालयात आलेल्या विद्यार्थ्याला मात्र ती कोशातूनच मिळायला हवीत. मराठीची रूपे ओळखणारी संगणकीय साधने तयार करतानाही याच माहितीची गरज भासते. अनेक कोशांत मात्र लिंगापुढे ही माहिती दिलेली आढळत नाही.

अर्थ, अवतरण आणि पोटनोंद

‘नाव’ म्हणजे अभिधान हा मूळ अर्थ झाला. ‘गावात त्यांचे मोठे नाव आहे’ या वाक्यात त्याचा अर्थ लौकिक होतो, तर हिशेबाच्या वहीत ‘जमा’च्या विरुद्ध बाजूस ‘नावे’ म्हणतात. वाणिज्याच्या अध्यापकाला हा तिसरा अर्थ अगदी ओळखीचा असतो. भाषेच्या विद्यार्थ्याला तो बहुधा ठाऊक नसतो. म्हणून विशिष्ट शास्त्र, प्रदेश वा कालखंड दर्शविणाऱ्या खुणा अर्थासोबत द्याव्या लागतात. दिलेला अर्थ प्रत्यक्ष वापरात आहे, याचा पुरावा अवतरण पुरवते. ‘महाराष्ट्र शब्दकोशा’त अर्थांसोबत जुन्या-नव्या साहित्यातील अवतरणे दिली आहेत, हे त्याचे महत्त्वाचे वैशिष्ट्य होय.

वाक्प्रचारांचा समावेश सामान्यतः पोटनोंदींत होतो. ‘नाव ठेवणे’ म्हणजे नामकरण करणे, तर ‘नावे ठेवणे’ म्हणजे दोष काढणे. केवळ वचन बदलताच अर्थ पालटतो. असे वाक्प्रचार नामाखाली द्यावेत की क्रियापदाखाली, हे कोशकार ठरवतो आणि दुसऱ्या ठिकाणी ‘पाहा’ असा निर्देश करतो.

समारोप

पाठाखाली दिलेल्या शब्दार्थांच्या यादीत शब्दापुढे सहसा एखादाच प्रतिशब्द असतो. त्या सवयीमुळे विद्यार्थी कोशही तसाच वाचतो. कोशाच्या आरंभीची संक्षेपसूची व वापरविषयक सूचना वाचून घेणे, हा त्यावरील पहिला उपाय आहे. त्यापुढे जाऊन प्रत्येक विद्यार्थ्याकडून आपल्या विषयातील किंवा बोलीतील एका शब्दाची संपूर्ण नोंद तयार करून घेता येईल. लिंग, रूपे, अर्थ व प्रत्यक्ष ऐकलेले एक वाक्य एवढे घटक त्यासाठी पुरेसे आहेत. या पद्धतीने प्रचलित कोशांत न आलेले बोलींतील काही शब्दही नोंदले जाऊ शकतील.