८ सीएफआर २१४.२: हा नंबर वाचायचा कसा?

अमेरिकेत नोकरकपातीची बातमी आली की एक फॉरवर्ड हमखास फिरतं: ‘जॉब गेला? ६० दिवसांत देश सोडा!’ खाली कुठल्यातरी नियमाचा नंबर. आपले कितीतरी मित्रमैत्रिणी तिकडे एमएस करून ओपीटीवर काम करतायत, म्हणून आज तो नंबर वाचायला शिकू. मी वकील नाही, सॉफ्टवेअरवाला आहे. मला तो नंबर चक्क फाइलच्या पाथसारखा दिसतो.

आधी एक फरक. कायदा करते तिथली संसद, म्हणजे काँग्रेस. तो यूएससीमध्ये, म्हणजे युनायटेड स्टेट्स कोडमध्ये असतो. तो राबवायला सरकारी खाती जे नियम करतात, ते सीएफआरमध्ये, म्हणजे कोड ऑफ फेडरल रेग्युलेशन्समध्ये. त्यामुळे ८ यूएससी आणि ८ सीएफआर ही दोन वेगळी पुस्तकं झाली.

सीएफआरचे विषयवार ५० टायटल आहेत. ८ म्हणजे इमिग्रेशन आणि नागरिकत्व, १४ म्हणजे विमानं आणि अंतराळ, २१ म्हणजे अन्न आणि औषधं. टायटलच्या आत चॅप्टर, त्यात पार्ट, त्यात सेक्शन. नंबर लिहिताना चॅप्टर गाळतात, कारण एका टायटलमध्ये पार्टचा नंबर पुन्हा येत नाही.

आता हा घ्या: ८ सीएफआर २१४.२(एफ)(१०)(आयआय)(ई).

८ हे टायटल, २१४ हा पार्ट, २ हा सेक्शन. मधला टिंब दशांशाचा नाही! व्हर्जन नंबरसारखं वाचा: २१४.११ हा २१४.२ च्या नंतर येतो. पुढे कंसांची उतरंड: आधी छोटं अक्षर, मग आकडा, मग छोटा रोमन आकडा, मग मोठं अक्षर. आणि गंमत म्हणजे २१४.२ मध्ये पहिलं अक्षर बहुतेक व्हिसाचंच असतं. एफ म्हणजे विद्यार्थी, एच म्हणजे एच-१बी वगैरे.

या पत्त्यावर काय सापडतं? ओपीटीवर बेरोजगारीचे एकूण ९० दिवस चालतात, आणि स्टेमचं २४ महिन्यांचं एक्स्टेन्शन मिळालं असेल तर सगळे मिळून १५०. मग ते ६० दिवस कुठले? ते ८ सीएफआर २१४.१(एल)(२) मध्ये. तिथे एच-१बी, एल-१ अशा व्हिसांची नावं आहेत, एफ-१ चं नाही. शिवाय ते सलग मोजतात आणि जास्तीत जास्त ६०; मुक्कामाची मंजूर मुदत आधी संपली तर त्याहून कमी. ओपीटीचे दिवस मात्र तुकड्यातुकड्यांनी साठत जातात. म्हणजे ओपीटीवाल्याने एच-१बीचा नियम वाचून घाबरण्यात अर्थ नाही, आणि मागच्या गॅपचे २० दिवस विसरणं तर फारच महागात पडेल.

शेवटचं: तारीख बघा. नवा नियम आधी फेडरल रजिस्टरमध्ये छापतात. ८१ एफआर १३०४० म्हणजे खंड ८१, पान १३०४०. तिथे २०१६ चा स्टेम ओपीटीचा नियम सुरू होतो. छापील सीएफआर वर्षातून एकदाच, टप्प्याटप्प्याने नवा होतो. ऑनलाइन ईसीएफआर रोज अपडेट होतो, आणि त्यात जुन्या तारखेचा मजकूरही गिटच्या हिस्टरीसारखा उघडता येतो.

तेव्हा पुढचं फॉरवर्ड आलं की आधी नंबर मागा. नंबर असेल तर ईसीएफआरवर टाका, कंस मोजत खाली उतरा आणि नियम कोणत्या व्हिसाचा आहे ते बघा. मग वकिलाला किंवा कॉलेजच्या डीएसओला नेमका प्रश्न विचारता येतो. भेटू पुढच्या भागात!