अतिस्वेद आणि इंजेक्शन : घाम केव्हा थांबवावा, केव्हा वाचावा

परीक्षेत उत्तरपत्रिका भिजू नये म्हणून तळहाताखाली रुमाल ठेवून लिहिणारा विद्यार्थी, किंवा बगलेतील ओल दिसू नये म्हणून फिकट रंगाचा सदरा टाळणारा शिक्षक, असे रुग्ण आपणां सर्वांच्या पाहण्यात आहेत. “पुण्याला घामावर इंजेक्शन देतात म्हणे, घेऊ का?” असा प्रश्न ते हल्ली विचारतात. प्रश्न रास्त आहे. ‘आपल्या शास्त्रात ते बसत नाही’ एवढे सांगून त्यांची बोळवण करणे योग्य नव्हे.

चरकाचार्यांनी स्वेद हा मेदाचा मल सांगितला असून स्वेदवह स्रोतसांचे मूळ मेद व लोमकूप असे मानले आहे. विमानस्थानात या स्रोतसांच्या दुष्टीच्या हेतूंमध्ये अतिव्यायाम, संताप, शीतोष्णाचे क्रम सोडून सेवन यांबरोबर क्रोध, शोक व भय हेही येतात. मुलाखतीच्या दालनाबाहेर बसलेल्या तरुणाचे ओले तळहात आठवले म्हणजे या शेवटच्या तिन्हींचे मोल कळते. अतिस्वेद हा पित्ताच्या चाळीस नानात्मज विकारांतही गणला आहे, आणि अतिस्थूलाच्या आठ दोषांत स्वेदाबाधेचा समावेश आहे.

आता इंजेक्शनाविषयी. त्यातील द्रव्य म्हणजे ‘बोट्युलिनम टॉक्सिन ए’. डबाबंद वा बिघडलेल्या मांसान्नातून होणाऱ्या प्राणघातक विषबाधेस कारणीभूत असणारे जे जीवाणूजन्य विष, तेच अत्यल्प मात्रेत येथे औषध होते. युक्तीने योजिलेले विषही उत्तम औषध ठरते, हा विचार आपल्याला परका नाही. जर्मन वैद्य युस्टिनुस केर्नर यांनी १८२२ मध्ये या विषबाधेचे वर्णन करताना त्याच्या औषधी उपयोगाची शक्यता सुचविली होती. प्रत्यक्षात ते वापरात यावयास दीडशे वर्षे लागली. अमेरिकेत १९८९ मध्ये ते प्रथम डोळ्यांच्या विकारांसाठी मान्य झाले व जुलै २००४ मध्ये, लावावयाच्या औषधांनी न आवरणाऱ्या बगलेतील तीव्र अतिस्वेदासाठी.

त्याचे कार्य समजून घेण्यासारखे आहे. घामाच्या ग्रंथींकडे जाणारे चेतातंतू अनुकंपी संस्थेचे असले तरी त्यांचा संदेश ॲसिटिलकोलिन या द्रव्यामार्फत पोहोचतो. बोट्युलिनम टॉक्सिन चेतातंतूच्या टोकाशी या द्रव्याचे बाहेर पडणेच रोखते. ग्रंथी जागच्या जागी शाबूत राहते, केवळ तिला हुकूम पोहोचत नाही. पुढे चेतातंतूचे कार्य पूर्ववत होते आणि घाम परत येतो. म्हणूनच हा उपचार कायमचा नाही.

प्रथम बगलेवर आयोडिन लावून कोरडे झाल्यावर स्टार्च भुरभुरतात. जेथे घाम येतो तेथे निळा-काळा रंग उमटतो. त्या आखलेल्या भागात एकेका बगलेस ५० युनिट, १० ते १५ ठिकाणी विभागून, एक ते दोन सेंटिमीटर अंतराने त्वचेतच टोचतात. परिणाम साधारण आठवड्याभरात दिसतो व बहुतेकांत सहा-सात महिने टिकतो. नंतर पुन्हा टोचणे आले व पुन्हा खर्च आला. तो सामान्य शेतकरी कुटुंबास परवडणारा नाही, हे रुग्णास आधीच स्पष्ट सांगावे. तळहातावर हे इंजेक्शन तज्ज्ञ देतात, परंतु वरील मान्यता बगलेपुरतीच आहे. तळहातावर वेदना फार होतात व काही काळ बोटांची पकड सैल पडू शकते. विळा-खुरपे धरणाऱ्या किंवा यंत्रावर काम करणाऱ्या माणसास ही गोष्ट लहान नाही. गर्भवती, स्नायुदौर्बल्याचे रुग्ण आणि जेंटामायसिनसारखी प्रतिजैविके चालू असलेले रुग्ण यांच्या बाबतीत विशेष सावधगिरी हवी.

या उपचाराआधी रात्री लावावयाचे २० टक्के ॲल्युमिनियम क्लोराइड वापरून पाहण्याची पद्धत आहे. आपली तुरटी हाही ॲल्युमिनियमचाच क्षार. स्तंभन गुणासाठी ती योजणाऱ्या जुन्या वैद्यांची दिशा चुकलेली नव्हती. मेदस्वी रुग्णात उद्वर्तन व मेदोहर उपक्रम, पित्तप्रधान रुग्णात उशीर, चंदन, सारिवा यांचा प्रयोग करावा. मात्र ज्या तरुणास तीन-चार महिन्यांत उतार नाही व ज्याचे शिक्षण वा नोकरी घामामुळे अडली आहे, त्यास मान न अडवता त्वचारोगतज्ज्ञाकडे पाठवावे. लोणी किंवा विळद घाट येथील वैद्यकीय महाविद्यालयांच्या त्वचारोग विभागात सल्ला घेता येईल. हे इंजेक्शन आपण स्वतः टोचण्याचा मोह मात्र कोणी धरू नये.

पाठविण्यापूर्वी एक प्रश्न चुकवू नये : झोपेत घाम येतो का? जन्मजात प्रवृत्तीचा अतिस्वेद बहुधा पंचविशीपूर्वी सुरू होतो, दोन्ही अंगांस सारखा असतो, घरात आणखी कोणाला तरी असतो, आणि झोपेत थांबतो. याउलट रात्री अंथरूण भिजत असेल तर क्षय, अवटू ग्रंथीचे विकार यांची तपासणी आधी करावी. मधुमेही रुग्णास एकाएकी सुटलेला थंड घाम रक्तशर्करा उतरल्याचे चिन्ह असतो, तर प्रौढात छातीतील दडपणासह आलेला घाम हृद्रोगाचे.

आपल्या जिल्ह्यात आणखी दोन प्रसंग नित्याचे आहेत, आणि तेथे ‘घाम थांबविणारे’ दुसरे इंजेक्शन, ॲट्रोपिन, हाताशी असते. ते ॲसिटिलकोलिनचा संदेश ग्रंथीपाशी अडविते. कांदा, डाळिंब वा कपाशीवर फवारणी करून आलेला मजूर घामाने निथळत असेल, तोंडास लाळ, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीएवढ्या, छातीत घरघर असेल, तर ती सेंद्रिय फॉस्फरस कीटकनाशकाची बाधा समजावी. येथे ॲट्रोपिन प्राण वाचविते. दूषित कपडे काढून अंग धुवावे, विलंब न लावता रुग्णालयात न्यावे. मात्रा किती द्यावयाची हे घामावरून नव्हे, छातीतील स्राव सुकण्यावरून ठरते. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, हे विसरता येणार नाही.

दुसरा प्रसंग लाल विंचवाच्या दंशाचा. येथेही दरदरून घाम, लाळ, उलटी असते, पण हातपाय थंडगार पडतात. चित्र वरवर सारखे दिसल्याने ॲट्रोपिनकडे हात जातो आणि घात होतो. अनुकंपी संस्था आधीच खवळलेली असते. ॲट्रोपिनने हृदयगती व रक्तदाब आणखी चढून फुप्फुसात पाणी होण्याचा धोका वाढतो. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी कोकणातील अशा रुग्णांवर काम करून १९८० च्या दशकात प्राझोसिन या तोंडाने देण्याच्या औषधाचा उपयोग जगापुढे मांडला व मृत्यूंचे प्रमाण पुष्कळ खाली आणले. त्यांच्याच २०११ मधील ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मधील अभ्यासात प्राझोसिनबरोबर विंचू-प्रतिविष दिल्यास रुग्ण लवकर सावरतात असे दिसले.

औषधविक्रेते बंधूंसाठी दोन शब्द. बोट्युलिनम टॉक्सिन २ ते ८ अंश सेल्सियसमध्ये ठेवावे लागते व मिसळल्यानंतर २४ तासांत वापरावे लागते. वीज तासन्‌तास जाते अशा गावी पर्यायी सोय नसलेल्या शीतकपाटात ते ठेवू नये, तज्ज्ञाची चिठ्ठी आल्यावरच मागवावे. एका उत्पादकाचे युनिट दुसऱ्याच्या युनिटाइतके नसते, त्यामुळे बदली माल देणे वर्ज्य. बिल नसलेला स्वस्त माल तर मुळीच स्वीकारू नये. नोव्हेंबर २००४ मध्ये अमेरिकेतील फ्लोरिडात परवाना नसलेले तीव्र टॉक्सिन टोचल्याने चौघांना पक्षाघातासारखी गंभीर विषबाधा झाली होती. फवारणीचा हंगाम व पहिला पाऊस यांपूर्वी मात्र ॲट्रोपिनच्या कुप्या आणि प्राझोसिनच्या गोळ्या यांची मुदत पाहून साठा भरून ठेवावा. या दोहोंची किंमत अल्प आहे, आणि रात्री-अपरात्री तालुक्याच्या गावी ती न मिळाल्याचे प्रसंग आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असतील.