अपेक्षा : अनुरूप

तुळशीचं लग्न लागलं की छत्रपती संभाजीनगरात वधू-वर परिचय मेळाव्यांचा हंगाम सुरू होतो. बायोडाटा हा आमच्या मराठवाड्यात सर्वांत काळजीपूर्वक लिहिला जाणारा वाङ्मयप्रकार. वर गणपती. खाली जन्मवेळ, रास, नाडी, देवक, उंची, रक्तगट. मग वडिलांची नोकरी, 'शेती : सहा एकर बागायत', मामेकुळ, आणि 'नातेसंबंध' या शब्दापुढे पंधरा-वीस आडनावांची रांग. तळाशी एकच ओळ, 'अपेक्षा : अनुरूप'. या कागदावर मुलगा कुठेच एकटा नसतो. म्हणून त्याला मुलगे आवडत असतील तर ती गोष्टही त्याच्या एकट्याची राहत नाही. रांगेतल्या कुणाची ना कुणाची तरी पोरगी लग्नाची असते.

समलिंगी मुलाला घराबाहेर काढल्याचे प्रकार आपल्याकडे घडतात. पण आपली खरी रीत मला वेगळीच वाटते. आपण त्याला बोहल्यावर चढवतो. 'लग्न झालं की येईल ताळ्यावर,' असं म्हणायचं आणि जबाबदारीतून मोकळं व्हायचं. ताळ्यावर आणण्याचं काम मग परक्या घरून आलेल्या मुलीच्या गळ्यात पडतं, आणि तिला त्यातलं काहीच सांगितलेलं नसतं.

ही युक्ती आपलीच असावी, असा माझा समज होता. तो अमेरिकेतल्या मॉर्मन पंथाबद्दल वाचताना गेला. युटा राज्यात मुळं रोवलेल्या या पंथात मंदिरात बांधलेली लग्नगाठ मरणानंतरही टिकते अशी श्रद्धा आहे. मुलाचं लग्न म्हणजे थेट परलोकाचा प्रश्न. तिथेही समलिंगी तरुणांना वडीलधारे 'लग्न कर' हाच उतारा सांगत. अखेर १९८७ साली गॉर्डन हिंकली या ज्येष्ठ धर्मनेत्याला जाहीर सांगावं लागलं, की लग्न हा यावरचा इलाज समजू नये. कॅरोल लिन पिअर्सन या मॉर्मन लेखिकेला ते आधीच कळून चुकलं होतं. नवऱ्याने, जेराल्डने, आपल्या समलिंगी ओढीबद्दल लग्नाआधी तिला सांगितलं होतं. ते मागे पडलं असं दोघांनाही वाटलं. चार मुलं झाली, घटस्फोट झाला. पुढे त्याला एड्स झाला तेव्हा त्याला घरी आणून तिनेच शेवटपर्यंत त्याचं केलं. १९८४ साली तो गेला; दोन वर्षांनी या सगळ्यावरचं तिचं पुस्तक आलं. त्यानंतरही २०१५ मध्ये चर्चने समलिंगी विवाह करणाऱ्यांना धर्मत्यागी ठरवलं, त्यांच्या मुलांच्या बाप्तिस्म्यावर बंधनं घातली, आणि २०१९ मध्ये ते धोरण मागे घेतलं. आपल्याकडे असा लेखी फतवा निघत नाही, म्हणून तो मागेही घेता येत नाही. ते काम भावकी तोंडी करते.

मराठीत हा विषय कालपरवा आलेला नाही. र. धों. कर्वे आपल्या 'समाजस्वास्थ्य' या मासिकात वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना उत्तरं देत. समलिंगी संबंधांविषयीचे प्रश्नही त्यांत असत. त्या उत्तरांवरून अश्लीलतेचा खटला झाला आणि १९३४ मध्ये कर्व्यांची बाजू मांडायला उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. कर्वे हरले, दंड झाला. याच बाबासाहेबांनी १९५० मध्ये आमच्या गावात मिलिंद महाविद्यालय सुरू केलं. आमच्याच शहरातल्या अजित दळवींनी कर्व्यांवर 'समाजस्वास्थ्य' हे नाटक लिहिलं, अतुल पेठेंनी ते बसवलं. बाबासाहेबांचं नाव इथे विद्यापीठाच्या दारावर आहे. हे वकीलपत्र मात्र फारसं कुणाला आठवत नाही.

पुण्याच्या बिंदुमाधव खिरे यांचंही लग्न झालं होतं आणि मोडलं होतं. अमेरिकेतली सॉफ्टवेअरची वाट सोडून ते परतले, २००२ मध्ये त्यांनी समलिंगी लोकांसाठी समपथिक ट्रस्ट काढला आणि मराठीत 'पार्टनर' ही कादंबरी लिहिली. मराठीत लिहिलं हे महत्त्वाचं. आईला वाचायला देता येईल असं काहीतरी हातात आलं.

त्या नवऱ्या मुलीचं काय? फसवून झालेलं लग्न हिंदू विवाह कायद्याच्या कलम १२ खाली रद्द होऊ शकतं, पण फसवणूक कळल्यापासून वर्षाच्या आत दावा करावा लागतो. 'कामाचा ताण असेल', 'कुलदैवताला जाऊन या' असं ऐकत तिचं ते वर्ष सरतं. माहेरी काय सांगायचं, हा प्रश्न उरतोच.

आईबाप गप्पच बसतात असंही नाही. 'माती माय' या चित्रपटाच्या दिग्दर्शिका चित्रा पालेकर यांची मुलगी समलिंगी आहे. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ च्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयापुढे १९ पालक गेले, त्यांत त्या होत्या. २०१३ मध्ये निकाल विरोधात गेला, ६ सप्टेंबर २०१८ ला तो फिरला. त्यांच्या 'स्वीकार' या पालकगटाच्या वतीने २०२३ मध्ये चारशेहून अधिक आईवडिलांनी सरन्यायाधीशांना पत्र लिहिलं : आमच्या मुलांची लग्नं आम्हाला डोळ्यांदेखत कायद्याने लागलेली पाहायची आहेत. मुलांचं लग्न बघायची हौस इथेही तीच, मुंडावळ्यांसकट. १७ ऑक्टोबर २०२३ ला न्यायालयाने तशा विवाहाला मान्यता द्यायला नकार दिला.

मेळाव्यातले बायोडाटा मी हल्ली शेवटून वाचतो. एखाद्या धाकट्या बहिणीच्या कागदावर घरच्यांची माहिती असते : वडील निवृत्त, आई गृहिणी, काका-मामा हुद्द्यांसकट. मधेच एक ओळ. 'भाऊ : १, नोकरी, बेंगळुरू.' पुढे 'विवाहित' नाही, 'अविवाहित'ही नाही. तेवढीच जागा कोरी.