नेट पॅक न संपवता कॉम्प्युटरवरचा सिनेमा टीव्हीवर कसा बघायचा? सुरुवात करा लग्नाच्या जुन्या सीडीपासून!

मंडळी, आज घरी एक काम करा. कपाटातली लग्नाची सीडी शोधा. सापडली? आता ती लावायला प्लेअर शोधा. बहुतेक घरांत इथेच गाडी अडते. सीडी आहे, पण प्लेअर कधीच भंगारात गेलाय. नवीन लॅपटॉपला सीडीची खाच नाही आणि टीव्हीला तर ती कधी नव्हतीच.

आता धाराशिव जिल्ह्यातल्या लोहारा गावातलं एक घर डोळ्यासमोर आणा. बैठकीत ४३ इंची टीव्ही, आतल्या खोलीत नातवाचा जुना कॉम्प्युटर. त्याला सीडी ड्राइव्ह आहे, म्हणून लग्नाची सीडी त्याच्यात उतरवून झाली. पण आजीला त्या छोट्या स्क्रीनवर काही दिसत नाही. मग नातू काय करतो? व्हिडिओ यूट्यूबवर चढवतो आणि टीव्हीवर यूट्यूब लावून बघतो. दिवसाचा दीड-दोन जीबीचा पॅक चढवतानाच संपतो आणि 'आता वधू-वरांचं आगमन' येईपर्यंत टीव्हीवर गोल गोल चक्र फिरायला लागतं.

गंमत बघा. आतल्या खोलीतून बैठकीत यायला त्या व्हिडिओने कुठल्या तरी दूरच्या शहरातल्या सर्व्हरपर्यंत चक्कर मारली. खरं तर मधे होती फक्त एक भिंत!

वाय-फाय म्हणजे इंटरनेट नव्हे

सगळा घोटाळा इथे होतो. आपण 'वाय-फाय' आणि 'नेट' हे शब्द एकाच अर्थाने वापरतो. पण वाय-फाय हा घरातला रस्ता आहे आणि इंटरनेट हा गावाबाहेरचा हायवे. राउटर म्हणजे या दोन्हींच्या मधला फाटा. कॉम्प्युटर आणि टीव्ही एकाच राउटरला जोडलेले असतील, तर एकाकडून दुसऱ्याकडे जाणारी फाईल घरातल्या घरात फिरते. ती हायवेवर जातच नाही, त्यामुळे तिचा डेटाही मोजला जात नाही.

याची खूणही सोपी आहे. घरातल्या उपकरणांना राउटर जो पत्ता देतो तो बहुतेक वेळा १९२.१६८ या आकड्यांनी सुरू होतो. हे पत्ते खासगी नेटवर्कसाठीच राखून ठेवलेले आहेत. इंटरनेटवर ते चालत नाहीत.

घरात राउटर नसेल तरी हरकत नाही. एका मोबाईलचा हॉटस्पॉट सुरू करा आणि कॉम्प्युटर व टीव्ही दोन्ही त्याला जोडा. मग त्या मोबाईलचा डेटा बंद करा. बहुतेक फोनमध्ये डेटा बंद असतानाही हॉटस्पॉट चालू राहतो आणि फोन राउटरचं काम करतो. डेटा बंद करायला मात्र विसरू नका, नाहीतर कॉम्प्युटर आणि टीव्ही गुपचूप अपडेट उतरवत बसतील आणि पॅक संपल्याचा मेसेज तुम्हाला येईल.

व्हीएलसीचा जन्मच यासाठी झालाय!

तो नारिंगी ट्रॅफिक कोनवाला व्हीएलसी प्लेअर आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा आहे. पण तो कशासाठी बनला होता, माहीत आहे? १९९६ मध्ये फ्रान्समधल्या एकोल सेंट्रल पॅरिस या इंजिनिअरिंग कॉलेजातल्या विद्यार्थ्यांनी कॅम्पसच्या नेटवर्कवरून व्हिडिओ पाठवायचा प्रकल्प सुरू केला. प्रत्येक खोलीसाठी वेगळी डिश लावण्यापेक्षा एकाच ठिकाणी सिग्नल घ्यायचा आणि नेटवर्कवरून सगळीकडे पोचवायचा, अशी ती कल्पना. प्रकल्पाचं नाव व्हिडिओलॅन. पाठवणारा तो 'सर्व्हर' आणि बघणारा तो 'क्लायंट'. व्हीएलसी म्हणजे मुळात 'व्हिडिओलॅन क्लायंट'!

२००१ मध्ये तो सगळ्यांसाठी खुला झाला आणि आजही फुकट आहे, जाहिरातीही नाहीत. म्हणजे ज्या प्लेअरवर आपण इतकी वर्षं फक्त डबल क्लिक करत आलो, तो मुळात एका खोलीतला व्हिडिओ दुसऱ्या खोलीत दाखवण्यासाठीच बनला होता.

मग करायचं कसं? तीन मार्ग

१. एचडीएमआय केबल. लॅपटॉप टीव्हीजवळ नेता येत असेल तर हा सगळ्यात भरवशाचा मार्ग. केबल जोडा, टीव्हीच्या रिमोटवरून इनपुट किंवा सोर्समध्ये योग्य एचडीएमआय निवडा. चित्र आलं नाही तर लॅपटॉपवर विंडोजचं बटण आणि पी एकत्र दाबून 'डुप्लिकेट' निवडा. आवाज लॅपटॉपमधूनच येत असेल तर खालच्या कोपऱ्यातल्या स्पीकरच्या चिन्हावर जाऊन आवाजासाठी टीव्ही निवडा. यात वाय-फायसुद्धा लागत नाही.

२. फोल्डर शेअर करणं. कॉम्प्युटर दुसऱ्या खोलीत असेल तर हा मार्ग. सिनेमे आणि व्हिडिओ एकाच फोल्डरमध्ये ठेवा. त्यावर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज, मग शेअरिंग, असं जाऊन फोल्डर शेअर करा. विंडोजच्या सेटिंगमध्ये तुमचं नेटवर्क 'प्रायव्हेट' आहे ना, हे तपासा. ते 'पब्लिक' असेल तर कॉम्प्युटर स्वतःला लपवून ठेवतो आणि टीव्हीला तो दिसत नाही. आता अँड्रॉइड टीव्हीवर व्हीएलसी टाका आणि त्यात लोकल नेटवर्क उघडा. तिथे कॉम्प्युटरचं नाव दिसेल. त्याने युजरनेम-पासवर्ड विचारला तर कॉम्प्युटरचाच द्यायचा.

३. घरचं छोटं ओटीटी. फाईल्स भरपूर असतील तर कॉम्प्युटरवर जेलीफिन नावाचं फुकट सॉफ्टवेअर टाका. त्याला फोल्डर दाखवून दिला की तो सिनेमांची पोस्टरसकट यादी तयार करतो. पोस्टर उतरवायला तेवढं एकदा नेट लागतं. टीव्हीवर त्याचं ॲप उघडलं की अगदी ओटीटीसारखा पडदा समोर येतो. अर्धा राहिलेला सिनेमा उद्या तिथूनच सुरू होतो. आजीच्या हातात रिमोट द्यायचा असेल तर हा मार्ग उत्तम, कारण तिला फोल्डर शोधत बसावं लागत नाही.

टीव्ही अँड्रॉइड नसला तरी सोर्सच्या यादीत एकदा नजर टाका. बऱ्याच स्मार्ट टीव्हींमध्ये डीएलएनए नावाची सोय आधीपासून असते. जेलीफिनमध्ये ती सुरू करता येते आणि मग टीव्हीला कॉम्प्युटर आपोआप दिसतो.

आणि 'कास्ट' किंवा 'स्क्रीन मिररिंग'? तेही चालतं, पण त्यात कॉम्प्युटरचा अख्खा पडदा सतत टीव्हीवर जात राहतो. मधेच व्हॉट्सॲपचा मेसेज आला तर तो सगळ्या घराला दिसणार, हे लक्षात ठेवा!

फास्ट नेट लागतं का?

अजिबात नाही. हिशोब करू. अडीच तासांचा सिनेमा आणि फाईल २ जीबीची. अडीच तास म्हणजे ९,००० सेकंद. २ जीबी म्हणजे साधारण १६,००० मेगाबिट. भागाकार केला तर सेकंदाला २ मेगाबिटही लागत नाहीत. साधा स्वस्त राउटरसुद्धा एका खोलीत याच्या कितीतरी पट वेग देतो.

मग तरी अडकत का असेल? तीन कारणं असतात:

- जाड भिंती. राउटर आतल्या कोपऱ्यात आणि मधे दोन भिंती असतील तर वाय-फाय दमतं. राउटर उंचावर, दोन्ही खोल्यांच्या मधे ठेवा. ५ गिगाहर्ट्झचं वाय-फाय वेगवान असतं, पण भिंतीपुढे ते लवकर हार मानतं. भिंतीपलीकडे २.४ बरं.
- दुहेरी फेरी. कॉम्प्युटर आणि टीव्ही दोन्ही वाय-फायवर असतील तर तीच फाईल हवेतून दोनदा जाते, आधी कॉम्प्युटरकडून राउटरकडे, मग राउटरकडून टीव्हीकडे. कॉम्प्युटर लॅन केबलने राउटरला जोडला की निम्मा ताण गेला.
- न समजणारी फाईल. प्रत्येक टीव्हीला प्रत्येक प्रकारचा व्हिडिओ उलगडता येत नाही. अशा वेळी जेलीफिन चालू सिनेमाच टीव्हीला समजेल अशा रूपात बदलून पाठवतो. पण जुन्या कॉम्प्युटरला त्यात घाम फुटतो. त्यापेक्षा हँडब्रेक या फुकट सॉफ्टवेअरने फाईल एकदाच एमपीफोर एच.२६४ मध्ये बदलून ठेवा.

चित्र दिसतं पण आवाज नाही, असं झालं तर बहुतेक वेळा फाईलमधला डीटीएस आवाज टीव्हीला चालत नसतो. व्हीएलसीमधून लावून बघा. मराठी सबटायटलऐवजी चौकोन दिसत असतील तर ती फाईल नोटपॅडमध्ये उघडा आणि 'सेव्ह ॲज' करताना यूटीएफ-८ निवडा. आणि पेनड्राइव्हवर मोठा सिनेमा कॉपीच होत नसेल, तर पेनड्राइव्ह फॅट-३२ प्रकारचा आहे. त्यात ४ जीबीपेक्षा मोठी फाईल मावत नाही. तो एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा, पण आधी आतलं सगळं बाजूला काढून ठेवा.

आता ती लग्नाची सीडी

सिनेमा काय, पुन्हा मिळेल. लग्नाची सीडी पुन्हा मिळत नाही. घरगुती सीडीत माहिती असते ती एका रंगाच्या थरात आणि हा थर ऊन, उष्णता व ओलाव्याने खराब होत जातो. आपल्या मराठवाड्यातला उन्हाळा आणि पत्र्याखालचं कपाट, म्हणजे विचारायलाच नको.

ती उतरवून घेणं अवघड नाही. व्हीसीडी असेल तर तिच्यात एमपीईजीएव्ही नावाचा फोल्डर दिसेल. त्यातली डॅट फाईल कॉम्प्युटरवर कॉपी करा, व्हीएलसीमध्ये ती चालते. डीव्हीडी असेल तर व्हिडिओ टीएस फोल्डर अख्खा कॉपी करा. आतल्या व्हीओबी फाईल साधारण एकेक जीबीच्या तुकड्यांत असतात, त्यामुळे एखादा तुकडा मागे राहिला तर जेवणाच्या पंगती येतील, पण सप्तपदी गायब होईल! मग हँडब्रेकने तिची एमपीफोर करा. मूळ कॉपीही सांभाळून ठेवा.

टीव्हीवर चित्र थोडं धुरकट दिसलं तर घाबरू नका. व्हीसीडीचं चित्र मुळातच ३५२ बाय २८८ ठिपक्यांचं असतं आणि आजच्या फुल एचडी टीव्हीवर १९२० बाय १०८० असतात. त्यामुळे थोडं लांब बसूनच बघा.

आणि कायद्याचं काय?

स्वतःच्या घरचे व्हिडिओ आणि रीतसर घेतलेल्या फाईल्स स्वतःच्या टीव्हीवर बघण्यात काही अडचण नाही. पण टेलिग्रामवरून 'नवीन मराठी सिनेमा फुल एचडी' उतरवणं ही चोरीच आहे. २०२३ मध्ये सिनेमॅटोग्राफ कायद्यात झालेल्या सुधारणेनुसार थिएटरमध्ये सिनेमाचं चोरून रेकॉर्डिंग करणाऱ्यांना ३ महिने ते ३ वर्षं कैद आणि किमान ३ लाख रुपये दंड होऊ शकतो. शिवाय अशा फाईल्ससोबत व्हायरसही येतात.

ओटीटी ॲपमध्ये डाउनलोड केलेला सिनेमा मात्र या मार्गांनी टीव्हीवर जाणार नाही. ती फाईल कुलूपबंद असते आणि त्याच ॲपमध्ये उघडते.

शेवटची गोष्ट, पण सगळ्यात महत्त्वाची

कॉम्प्युटरवर घेतलं म्हणजे काम झालं, असं समजू नका. हार्ड डिस्कही एक दिवस बंद पडतेच. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी आलेला भूकंप लोहारा तालुक्यातल्या सास्तूर भागात कोणी विसरलेलं नाही. घरं पडली, माणसं गेली आणि त्यांचे फोटोही त्याच ढिगाऱ्यात राहिले. एकच प्रत असणं म्हणजे काय, हे या भागातल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. तेव्हा दुसरी प्रत नव्हती. आज ती एका पेनड्राइव्हवर मावते.

म्हणून एक प्रत कॉम्प्युटरवर ठेवा, दुसरी वेगळ्या हार्ड डिस्कवर आणि तिसरी दुसऱ्या गावी राहणाऱ्या बहिणीकडे किंवा भावाकडे. वर्षातून एकदा, दिवाळीला सगळे जमले की ती टीव्हीवर लावून बघा. कॉपी ठीक आहे का, हेही त्यातच तपासून होतं.

आणि आजीला पुढच्या खुर्चीवर बसवा. पडद्यावर कोण कोणाचं, हे सांगणारी ती घरातली एकटीच असते. ती नावं सांगेल, तेव्हा वहीत लिहून घ्या. कारण ती नावं कुठल्याच फाईलमध्ये नसतात.

तर मंडळी, तुमच्या घरातली सगळ्यात जुनी सीडी किंवा कॅसेट कोणत्या वर्षाची आहे? कमेंटमध्ये नक्की सांगा. आणि ज्या नातेवाइकाकडे तुमच्या लग्नाची सीडी 'बघायला म्हणून' गेली ती परत आलीच नाही, त्याला हा लेख आजच पाठवा!